बाहेरची लाईन देताना शून्य नीट मोजा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाईनला जोडणारं एक्स्चेंज, बसवायला गेलात, तर क्रोनवर (तारा जोडायच्या पट्टीवर) जोड्या ठोकणं, एक्स्टेन्शनला, म्हणजे आतल्या फोनला, नंबर देणं लवकर हातात बसतं. बीएसएनएलची जोडी ट्रंक पोर्टवरच, म्हणजे बाहेरच्या लाईनसाठीच्या जागेवरच, द्या. एक्स्टेन्शन पोर्टवर दिलीत तर दोन्हीकडून व्होल्टेज येऊन कार्ड जळू शकतं. मल्टिमीटर लावा: फोन ठेवलेला असताना बाहेरच्या लाईनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी, रिकाम्या ट्रंक पोर्टवर काहीच नाही.

नवा माणूस अडकतो तो टोल टेबलमध्ये, म्हणजे कुठल्या फोनवरून कुठले नंबर लागू द्यायचे त्या यादीत. पूर्वी शून्यानं सुरू होणारं सगळं बंद केलं की एसटीडी बंद व्हायचं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावायलाही आधी शून्य लागतं. जुन्या टेबलात '०' बंद असेल, तर गेटवरून ट्रक ड्रायव्हरला फोन लागत नाही. मालक ओरडतात, आणि घाईत '०' मोकळा केला जातो. त्याबरोबर '००', म्हणजे आयएसडीही मोकळं होतं. हे अजिबात करू नका.

आता खरी मेख. बाहेरची लाईन घ्यायलाही आपल्याकडं बहुधा शून्यच दाबतात. म्हणजे मोबाईलला बोट दोनदा शून्यावर पडतं, आयएसडीला तीनदा. टेबल मात्र कुठून मोजतं? काही सिस्टीम लाईन मिळाल्यानंतरचे आकडे तपासतात, काही लाईन घ्यायचा कोड, म्हणजे ते पहिलं शून्य, धरून. पहिल्या प्रकारात आयएसडी '००' लिहून बंद होतं. तिथं बोटाकडं बघून '०००' लिहिलंत तर ते सताड उघडं राहतं, कारण ब्रिटनच्या ००४४ मध्ये सुरुवातीला तीन शून्यं नाहीतच. दुसऱ्या प्रकारात '००' लिहिलंत तर मोबाईल आणि एसटीडी दोन्ही गेले. मॅन्युअलमध्ये सापडलं नाही तरी घाबरू नका. बाकी सगळं मोकळं ठेवून फक्त '२' बंद करा आणि ० दाबून २ नं सुरू होणारा कोल्हापूरचाच लँडलाईन नंबर लावा. कॉल अडला तर टेबल कोडनंतर मोजतं, गेला तर कोड धरून.

कोडनंतर मोजणाऱ्या सिस्टीमवर गेटच्या फोनला एवढं मोकळं ठेवलं की पुरे: '२' स्थानिक, '०६' ते '०९' मोबाईल, '०२३०' इचलकरंजी, '०२३३' सांगली. त्यात काही एसटीडी कोडही निसटतात, बेंगळुरूचा ०८० त्यातलाच. चालू द्या. '००' मात्र स्वतंत्र ओळीत बंद लिहाच, आणि ११२ प्रत्येक एक्स्टेन्शनवरून लागलाच पाहिजे.

जुन्या साईटचा बॅकअप उचलून नव्या साईटवर टाकणारे उस्ताद भेटतील. त्यांच्याकडून वायरिंग जरूर शिका, तिथं त्यांचा हात धरणारा नाही. टेबल मात्र स्वतः लिहा. त्या बॅकअपबरोबर २०२१ आधीचे नियम आणि कंपनीचा मूळ पासवर्डही येतो, आणि चोरटे आयएसडी कॉल अशाच दारातून जातात. बाहेरून येऊन पुन्हा बाहेर कॉल लावायची सोय, डीआयएसए, कुणी मागितली नसेल तर बंद ठेवा.

"मोबाईल कधी लागतो, कधी नाही" अशी तक्रार फायबरच्या लाईनवर आली, तर टेबल उकरत बसू नका. डायल टोन किंचित उशिरा आला की पहिलं शून्य गिळलं जातं. ट्रंकवर एक-दोन सेकंदांचा पॉज द्या.

निघण्यापूर्वी प्रत्येक वर्गातल्या (सारखीच सूट असलेल्या फोनच्या गटातल्या) एका फोनवरून चार कॉल लावा: स्थानिक, मोबाईल, मुंबईचा ०२२ आणि आयएसडी. ज्यांना आयएसडी दिलेलं नाही, त्या फोनवर तिसऱ्या शून्यालाच एरर टोन यायला हवा.