क्लिअर कोटमधले दोष: वॉटर पेपर हातात घेण्याआधी या चुका टाळा

गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, एक ओघळ आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. संध्याकाळी कॅनने फवारलं आणि सकाळी उठून मी वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासपेपर) घेऊन बसलो. ओघळ हाताला कडक लागत होता. चार हात मारताच वरची साय निघाली आणि आतलं ओलं क्लिअर पेपरला चिकटून आलं. ओघळाच्या जागी खड्डा पडला आणि अख्खं दार पुन्हा करावं लागलं.

ओघळ हा सगळ्यात जाड भाग, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी सुकतो. हार्डनर (क्लिअर कडक करणारा वेगळा भाग) नसलेल्या साध्या कॅनच्या क्लिअरला निदान आठवडा द्या. हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरला, म्हणजे टू-केला, दोन दिवस, पावसाळ्यात किंवा थंडीत त्याहून जास्त. नाक जवळ नेऊन बघा. थिनरचा वास येतोय किंवा आडबाजूला नख दाबल्यावर ठसा उमटतोय, तर पेपर खाली ठेवा.

दुसरी चूक म्हणजे दिसेल तो दोष घासायला घेणं. दोष क्लिअरच्या वर उभा आहे की आत बसलाय, हे आधी ओळखा. ओघळ, चिकटलेली धूळ आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा वर असतो, तो घासून जातो. बारीक सुईच्या टोकासारखी छिद्रं आत असतात. पहिला हात वाफायच्या आत दुसरा जाड हात दिला की अडकलेलं थिनर बुडबुडा होऊन फुटतं, त्याची ही छिद्रं. ती घासाल तर खालची आणखी उघडी पडतील. तिथे छिद्रं संपेपर्यंत थर उतरवून पुन्हा फवारण्याला पर्याय नाही.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले असतील तर बहुतेक वेळा कारण सिलिकॉन असतं. डॅशबोर्डचं किंवा टायरचं पॉलिश, जिथे रंगकाम करता त्याच पार्किंगमध्ये फवारलेलं असतं, त्याचा अंश पत्र्यावर बसतो. नुसता नवा हात दिला तर खड्डे पुन्हा पडतात. पूर्ण सुकू द्या, 800 नंबरच्या वॉटर पेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) सपाट करा, मग ग्रीस-वॅक्स रिमूव्हरने पुसा: एका कापडाने लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलायचं. एकाच कापडाने तेल फक्त पसरतं.

आता ओघळ कसा काढायचा ते नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पेपर बोटाला गुंडाळून घासू नका. बोट मऊ असतं, ते ओघळावरून घसरून दोन्ही बाजूंना चर पाडतं. लाकडाचा किंवा कडक प्लास्टिकचा छोटा सपाट तुकडा घ्या, त्यावर 1200 चा वॉटर पेपर गुंडाळा आणि ओघळाच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेप लावा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. हलक्या हाताने फक्त उंचवटा कापा. टेपला पेपर लागू लागला की टेप काढा आणि 1500, 2000, शेवटी 3000 करत या. मध्ये मध्ये पुसून, सुकवून तिरप्या उजेडात बघा. जिथे अजून चकाकी आहे तो भाग खोल आहे, बाकीचं मंद झालेलं असेल.

पाण्याच्या रंगावर नजर ठेवा. दुधासारखं पांढरं पाणी म्हणजे क्लिअरच कापलं जातंय. त्यात गाडीचा रंग उतरला की तुम्ही बेसकोटपर्यंत, म्हणजे क्लिअरखालच्या रंगाच्या थरापर्यंत, पोचलात, तिथेच थांबा. पांढऱ्या गाडीवर ही खूण मिळत नाही, म्हणून तिथे दुप्पट सावध राहा. कंपनीच्या गाडीवर क्लिअरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉन असतो, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. कडांवर आणि बॉडीच्या रेषांवर तो आणखी पातळ, तिथे घासण्याआधी टेप लावाच.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात साधं क्लिअर धुरकट पांढरं पडतं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर धरतं. अशा दिवशी फवारूच नका. फवारलंच असेल तर कोरड्या दिवशी रिटार्डरचा (हळू उडणाऱ्या थिनरचा) अगदी पातळ धुक्यासारखा हात दिल्यावर थर थोडा मोकळा होऊन ओल निघते. हा उपाय हार्डनर नसलेल्या साध्या क्लिअरसाठी (लॅकरसाठी), टू-केसाठी नाही.

खरबरीतपणा टाळायचा असेल तर कॅन 20 ते 25 सेंटिमीटरवर धरा, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर चढवा, आणि थंडीत कॅन कोमट पाण्यात ठेवून मग हलवा. गरम पाण्यात कधीच नाही, कॅन फुटू शकतो.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे थोडंही सोसत नाही. कापडी मास्कने काही होत नाही. योग्य श्वसन संरक्षण, हातमोजे आणि चष्मा जमणार नसेल, किंवा सोसायटीच्या बंद पार्किंगखेरीज जागाच नसेल, तर तेवढा पत्रा रंगकाम करणाऱ्याच्या बूथमध्ये न्या. पैसे जातील, पण पोरंबाळं त्याच पार्किंगमध्ये खेळतात.

शेवटी मशीनने बफिंग करताना पॅड एका जागी रेंगाळू देऊ नका, नव्या क्लिअरला उष्णतेने चटकन चटका बसतो. आणि वॅक्स महिनाभर लावू नका, आतलं उरलेलं थिनर बाहेर पडायला वाट मोकळी हवी.