जुना लॅपटॉप रखडतोय? आधी डिस्क बदला

सात-आठ वर्षं जुना लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेत असेल, तर दोष बहुधा आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. रॅम वाढवायचा विचार नंतर.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कखाली एचडीडी, म्हणजे फिरती हार्ड डिस्क, लिहिलंय का बघा. एसएसडी दिसली तर हा खर्च करूच नका.

२. २.५ इंची साटा (हा डिस्क जोडण्याचा प्रकार) एसएसडी आणि ती यूएसबीला जोडणारी यूएसबी-साटा केबल घ्या. ब्राउझर, बँक, मुलांचा अभ्यास एवढ्याला २५६ जीबी पुरते. फोटोंचा ढीग असेल तर ५१२ घ्या.

३. एसएसडी केबलने जोडा आणि क्लोनिंग सॉफ्टवेअरने जुनी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी उतरवा. रात्री लावून झोपलेलं बरं. चार्जर मात्र जोडलेला ठेवा.

४. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही. तळाचं झाकण उघडून डिस्क बदला. स्क्रू ज्या जागचे त्याच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावा, त्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू भलतीकडे पिळला की कीबोर्डला टेंगूळ येतं!

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ चालत नसेल तर क्लोनऐवजी लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, फुकट आहे.

आणि जुनी डिस्क लगेच पुसू नका. निदान महिनाभर तशीच ठेवा. क्लोनमध्ये एखादं फोल्डर राहिलेलं उशिराच लक्षात येतं.