जुन्या तंबाखूच्या पाइपचं मूळ कसं शोधावं

महाबळेश्वर-पाचगणीचा एखादा बंगला रिकामा होतो, साताऱ्यातल्या वाड्याचा माळा आवरला जातो, आणि ब्रिटिश अमदानीतला पाइप हाती येतो. बहुतेक जण तो लगेच घासूनपुसून लखलखीत करतात. कृपा करून तसं करू नका. पाइपचा सगळा इतिहास दांडीवरच्या उथळ ठशांत असतो. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की तो कायमचा जातो.

आधी मऊ, कोरड्या कापडानं धूळ टिपा. मग बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूनं, तिरपा पाडा. पुसट अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. लगेच फोटो काढा.

आता जिन्नस ओळखा. लाकडी पाइप बहुधा ब्रायरचा, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीचा असतो. पांढरट, वजनाला हलका आणि वापरानं तांबूस झालेला असेल तर तो मीरशॉम. हे खनिज प्रामुख्यानं तुर्कस्तानातल्या एस्कीशेहीरचं. तोंडात धरायचा काळा भाग हिरवट-तपकिरी पडला असेल तर तो व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ॲक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक, असा रंग बदलत नाही. जुन्या दांडीला ॲक्रिलिकचं तोंड दिसलं, तर ते मागाहून बसवलेलं असण्याची शक्यता मोठी.

दांडीवर चांदीचं कडं असेल तर नशीब उघडलं म्हणा. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सराफाकडून भिंग मागून घ्या आणि सावकाश बघा. चालत्या सिंहाचा ठसा म्हणजे इंग्लंडमध्ये तपासलेली ९२.५ टक्के शुद्ध चांदी. जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमच्या तपासणीचा, बिबट्याचं मुंडकं लंडनच्या. शेजारचं एकटं अक्षर वर्ष सांगतं, पण इथेच लोक फसतात. बर्मिंगहॅमची अक्षरमाला १९००, १९२५ आणि १९५० साली पुन्हा 'ए'पासून सुरू झाली, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकार वर्षाक्षरांच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय वर्ष ठरवू नका. शिवाय ते वर्ष कड्याचं असतं. तडकलेल्या दांडीला नंतर कडं चढवलेलं असू शकतं.

नाव वाचतानाही घाई नको. पुष्कळ दुकानदार दुसऱ्याकडून पाइप बनवून घेऊन त्यावर स्वतःचं नाव उठवत. तोंडावर पांढरा ठिपका दिसला म्हणून तो डनहिल या इंग्रज कंपनीचाच पाइप ठरवू नका; ठिपका ही तिची खूण असली तरी. दांडीवर नाव हवं. १९२१ पासून डनहिलच्या 'मेड इन इंग्लंड'नंतर वर्षाचा बारीक आकडा येतो, मात्र पुढच्या दशकांत तेच आकडे पुन्हा येतात.

पीटरसन या आयरिश कंपनीचा पाइप असेल तर देशाचं नाव वाचा. 'आयरिश फ्री स्टेट' हे त्या देशाचं नाव १९२२ ते १९३७ होतं. 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' असेल तर पाइप १९४९ किंवा त्यानंतरचा.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: पाइप कुणाचा, कुठून आला? मिळेल ती माहिती चिठ्ठीवर लिहून पाइपसोबतच ठेवा, आणि ठशांशी जुळलेली माहिती व नुसती ऐकीव माहिती वेगवेगळी लिहा.