उन्हाळ्यात वाईचे घाट पायी पाहताना

महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा धोमचे धरण ओलांडून जेव्हा वाईत येते, तेव्हा तिच्या काठाला गावाने दगडाची पैरण चढवलेली दिसते. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी, गंगापुरी अशी आळ्यांची नावे आणि त्याच नावांचे घाट, असा हा सगळा फरसबंद काठ आहे. 2011च्या जनगणनेनुसार जेमतेम 36 हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या गावात नदीकाठाने सावकाश चालत जाणे हा एक सकाळभराचा कार्यक्रम होतो. बहुतेक लोक मे महिन्यात पाचगणी-महाबळेश्वराला जाताना वाईत अर्धा तास गाडी थांबवतात, भर दुपारी ढोल्या गणपतीचे दर्शन घेतात आणि तापलेल्या फरशीवरून उड्या मारत परत गाडीत बसतात. घाट पाहण्याची ही रीत नव्हे. उन्हाळ्यात घाट पाहायचा असेल तर आपल्या वेळापत्रकापेक्षा दगडाचे वेळापत्रक मानावे लागते, आणि ते एकदा समजले की हाच ऋतू घाटांसाठी सर्वांत चांगला आहे असे मी खात्रीने म्हणेन.

हा दगड काळा बेसाल्ट आहे. सूर्य वर आला की तो ऊन पीत राहतो आणि सूर्य कलल्यावरही ते बराच वेळ सोडत राहतो. मे महिन्यात वाईत सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. त्या वेळी पायऱ्या रात्रभराच्या गारव्याने थंड असतात आणि अनवाणी चालणेही सुखाचे वाटते. साडेआठपर्यंत दगड कोमट होतो, दहाच्या पुढे तो चटके देऊ लागतो आणि दुपारी तर हवेपेक्षा दगडाचीच झळ जास्त लागते. म्हणून साडेपाचला उठून सहाच्या आत घाटावर पोहोचावे, ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. पुण्याहून येणार असाल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला यावे. सुरूर फाट्यावरून आत वळून सकाळी नऊला वाईत पोहोचलेल्या माणसाच्या हाती चालण्यासाठी फार तर तासभर उरतो. दगड तापला आहे की नाही हे ओळखायची साधी खूण अशी, की तळहात पायरीवर टेकवून पाचपर्यंत आकडे मोजावेत. तेवढा वेळ हात ठेववत नसेल, तर लहान मुलांना त्या पायरीवर अनवाणी उतरवू नये.

पायात रबरी तळाची, खाचा असलेली चप्पल किंवा सँडल असावी. चामड्याचा गुळगुळीत तळ घाटावर कामाचा नाही. देवळांत चप्पल काढावी लागते, त्यामुळे चटकन काढता-घालता येईल असेच पायताण निवडावे आणि उशीर झालाच तर प्रांगणात घालण्यासाठी सुती पायमोजे पिशवीत ठेवावेत. डोक्याला टोपी किंवा ओला करून पिळलेला पंचा, अंगात सैल सुती कपडे आणि माणशी किमान दोन लिटर पिण्याचे पाणी बरोबर हवे. पाण्याबरोबर मीठ-साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा, कारण नुसते पाणी पीत राहिल्याने घामावाटे गेलेले क्षार भरून निघत नाहीत. खिशात कांदा ठेवण्याची जुनी सवय अनेकांना आहे. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी तो जरूर ठेवावा, पण भिस्त पाण्यावर आणि सावलीवर असू द्यावी. नदीचे पाणी मात्र पिऊ नये. कृष्णाबाईला हात जोडावेत, पाय भिजवावेत, पण गावाच्या सांडपाण्याचा आणि जलपर्णीचा भार ती वाहते आहे, हे विसरू नये.

सुरुवात गणपती घाटापासून करावी, म्हणजे सकाळच्या पहिल्या गारव्यात सर्वांत मोठा घाट आणि सर्वांत महत्त्वाचे देऊळ पाहून होते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये हे मंदिर बांधले. आतली भव्य मूर्ती एकाच दगडातून घडवलेली आहे आणि तिच्या विशाल देहामुळेच तिला ढोल्या गणपती हे लाडाचे नाव पडले. दर्शन झाल्यावर लगेच निघू नये. बाहेर येऊन, देवळाला वळसा घालून त्याची मागची भिंत पाहावी. नदीच्या प्रवाहाकडे असलेली ही भिंत सपाट नाही, माशासारखी किंवा नावेच्या नाळेसारखी टोकदार आहे. पावसाळ्यात कृष्णा पात्र सोडून वर येते तेव्हा लोंढा या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि भिंतीवर पाण्याचा सरळ दाब येत नाही. अडीचशेहून अधिक पावसाळे या देवळाने काढले आहेत, त्यात या टोकाचा वाटा मोठा आहे. पुरात हा भाग पाहता येत नाही. उन्हाळ्यात मात्र भिंतीपाशी उभे राहून, हात लावून, दगडाचे सांधे कसे बसवले आहेत ते निरखता येते. शेजारीच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे. तिथल्या दीपमाळा आणि हात फिरवावासा वाटेल असा काळाभोर, झिलईचा नंदी पाहण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे राखून ठेवावीत.

तिथून पाण्याच्या कडेला उतरावे. उन्हाळ्यात पाणी ओसरलेले असल्याने एरवी बुडालेल्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि घाटाची बांधणी पायथ्यापासून दिसते. काही पायऱ्यांच्या मधोमध पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी झिजून उथळ खळगे पडले आहेत. सकाळचे तिरपे ऊन आले की या खळग्यांच्या कडा सावलीने उठून दिसतात आणि लोक नेमके कुठून खाली उतरत आले, त्याची वाटच दगडावर उमटलेली दिसते. मात्र पाण्याला टेकलेल्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्या जपून उतराव्यात. वरचे शेवाळ उन्हाने वाळून करडे झालेले असते आणि धोक्याचे वाटत नाही, पण पाण्याखालच्या पायरीवरचे शेवाळ ओले आणि बुळबुळीत असते. एका मे महिन्यात मी अशाच वाळलेल्या पायरीवर विश्वासाने पाय टाकला, दुसरा पाय पाण्यातल्या पायरीवर गेला आणि कमरेइतक्या पाण्यात बसलो. मनगट पंधरा दिवस सुजलेले होते. तेव्हापासून मी कडेला उतरताना अंग एका कुशीला वळवून ठेवतो, एक हात वरच्या पायरीला टेकवतो आणि मगच पाय पुढे टाकतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर धोमचे धरण आहे आणि उन्हाळ्यातही नदीत पाणी सोडले जाऊ शकते. पाणी वाढताना दिसले, तर पात्रातल्या खडकांवर रेंगाळू नये.

एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाताना काठाची फरसबंदी सलग मिळेलच असे नाही. मधे घरांच्या भिंती येतात, मग वर आळीत चढावे, बोळातून पुढे जावे आणि पुन्हा पाण्याकडे उतरावे. ही अडचण न मानता सावलीची सोय मानावी. आळीतल्या कोणालाही ‘घाटाकडे कुठून जायचं?’ असे विचारले की वाट मिळते. सकाळी घाटावर कपडे धुणे, आंघोळी, संध्या, दशक्रियेचे विधी असे सगळेच चाललेले असते. कॅमेरा रोखण्याआधी विचारावे आणि विधी चालू असतील तर लांबूनच जावे. वाळत घातलेल्या गोधड्या तुडवून वाट काढू नये. माघ-फाल्गुनात याच घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीने होतो, तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसते. उन्हाळ्यातली शांतता त्या मानाने मोठी आहे. गंगापुरीत गेलात, तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्याचे प्रमुख संपादकपद सांभाळले त्या मराठी विश्वकोशाचे कार्यालय याच भागात आहे, हेही लक्षात असू द्यावे.

मेणवलीचा घाट नदीच्या वरच्या अंगाला सुमारे तीन किलोमीटरवर आहे. तिथपर्यंत पायी जायचे, तर वाईतले घाट साडेसातपर्यंत आटोपते घ्यावेत, कारण मधला डांबरी रस्ता उन्हात फार तापतो. ज्यांच्याबरोबर मुले किंवा वयस्क माणसे असतील, त्यांनी सरळ रिक्षा करावी. मेणवलीचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. नाना फडणवीसांचा वाडा, मेणवलेश्वराचे देऊळ आणि नदी यांच्यामध्ये तो असा बसला आहे की वरच्या पायरीवर बसून सगळा काठ एका नजरेत येतो. घाटावरच्या लहानशा बांधकामात टांगलेली मोठी घंटा अवश्य पाहावी. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांपैकी ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत थांबले तरच ती आकृती दिसते. वाडा खाजगी मालकीचा असल्याने आत जाण्याआधी परवानगी घ्यावी.

दहाच्या आत परत फिरावे. डोके दुखू लागले, मळमळले, पायांत गोळे आले किंवा घाम येणेच थांबले, तर ऊन लागत आहे असे समजून लगेच सावलीत बसावे, मान आणि काखा ओल्या कापडाने पुसाव्यात. बरे वाटत नसेल, तर दवाखाना गाठायला संकोच करू नये. सगळे ठीक असेल, तर बाजारात ताक किंवा उसाचा रस घ्यावा आणि पानाच्या द्रोणात करवंदे घेऊन बसलेली बाई दिसली, तर तीही घ्यावीत. दुपार झोपेत घालवून सहानंतर पुन्हा घाटावर यायला हरकत नाही, फक्त पायऱ्या तेव्हाही गरम असतात. पश्चिमेला काळे ढग दाटून वारा सुटला, तर वळीव येणार हे ओळखून वर चढावे, विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नये आणि पहिल्या सरीनंतर तासभर तरी पायऱ्यांवर उतरू नये, कारण उन्हाळाभर साचलेली धूळ भिजून घाटावर चिखलाचा पातळ थर बसलेला असतो.