स्पेसर टाकल्यावर स्टीअरिंग थरथरतंय? माझा अनुभव (स्विफ्ट, नाशिक)

बाहेरून घेतलेली (आफ्टरमार्केट) अलॉय चाकं आणि 15 मिमी स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती) लावल्यापासून मुंबई-आग्रा हायवेवर ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरायचं. चाळीसला काहीच नाही. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, टायर पुढचे मागे. डोकं आणि खिसा दोन्ही रिकामे झाले.

खोट स्पेसरच्या मधल्या भोकात होती. 'युनिव्हर्सल' स्पेसर, 100 आणि 114.3 मिमी, दोन्ही पीसीडीची (नटांच्या वर्तुळाचा व्यास) भोकं. हब (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला गोल भाग) 54.1 मिमीचा, स्पेसरचं मधलं भोक बरंच मोठं, म्हणजे चाक फक्त नटांच्या भरवशावर केंद्रात बसणार.

आधी कॅलिपरने हब आणि अलॉयचं मधलं भोक मोजलं. अलॉयचं 73.1 निघालं. मग आतून 54.1 आणि बाहेरची कड 73.1 असा हब-सेंट्रिक (हबवर नेमका बसून चाक केंद्रात धरणारा) स्पेसर घेतला. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पार काढला. पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं. जुने स्टड (नट ज्यांवर फिरतात ते हबचे खिळे) आखूड पडत होते, म्हणून त्यांच्यापेक्षा 15 मिमी जास्त लांब स्टड प्रेसवर बसवून घेतले (हातोड्याने ठोकू देऊ नका). धागा एम12x1.25 आहे, तेव्हा नट निदान दहा आटे फिरलाच पाहिजे. चाक हवेत असताना नट हाताने, मग खाली टेकवून समोरासमोर, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने घट्ट करणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. एक किंचित सरकला होता.

आता कसारा घाटापर्यंत स्टीअरिंग शांत. एकावर एक दोन स्पेसर मात्र कधीच नकोत. आणि विमा कंपनीला आधी विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे बदल सहज चालवून घेत नाही.