नगरपालिकेच्या मालमत्तांची उतरंड लावताय? या चुका टाळा

दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी पालिकेची एक्सेल फाईल माझ्याकडे येते, "सर जरा बघून घ्या, असेट रजिस्टर रेडी आहे". असेट रजिस्टर म्हणजे पालिकेच्या मालमत्तांची यादी, आणि उतरंड म्हणजे त्या यादीत कशाखाली काय येतं ते. उघडली की पहिल्या रकान्यातच कळतं, पुन्हा तेच. मी पाणीपुरवठ्याबद्दलच बोलतो कारण घोळ तिथे सगळ्यात जास्त असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रभागाला वरची पायरी करणं. प्रभाग 1 मग त्याखाली पाईप, व्हॉल्व्ह, रस्ते, दिवे. दिसायला छान दिसतं, नगरसेवकांनाही आवडतं. पण पाण्याला प्रभाग कळत नाही हो! ते टाकीतून निघतं आणि उतार किंवा प्रेशर असेल तिकडे जातं. आणि प्रभागाचं काही टिकत पण नाही. मुंबई सोडली तर 2017 च्या महापालिका निवडणुका बहुतेक ठिकाणी चार सदस्यांच्या प्रभागांनी झाल्या, 2021 ला तीनचा निर्णय आला, 2022 ला परत चारवर. दर वेळी हद्दी हलणार, पाईप मात्र जमिनीत आहे तिथेच.

एका नगरपरिषदेत (नाव नको) हेच झालेलं. एका उंच टाकीवरून निघालेली जुनी एसी (अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटची) पाईपलाईन तीन प्रभागांतून जायची, म्हणून यादीत तिचे तीन तुकडे, तीन कोड. त्यात एक तुकडा हद्दीवरच्या रस्त्यात, तो दोन्हीकडे मोजलेला. मग प्रभागरचना बदलली आणि एका उत्साही ऑपरेटरने सगळे कोड नव्या प्रभागांप्रमाणे बदलून टाकले, प्र07 चं प्र05 झालं. दुरुस्तीच्या रजिस्टरात अर्थातच जुनेच कोड. त्यामुळे गळती दर दोन महिन्यांनी एकाच लाईनवर होत होती तरी कागदावर ती चार वेगवेगळ्या लाईनींवर एकेकदा झालेली दिसत होती. प्लॅनिंगच्या मीटिंगला ती लाईन बदलायच्या यादीत आलीच नाही, आणि त्याच रस्त्यावर काँक्रीट पडलं. पुढच्या उन्हाळ्यात ब्रेकर लावून फोडलं. व्हॉल्व्हमनला सगळं माहीत होतं, तो कंत्राटी, त्याला कोण विचारणार?

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. उतरंड पाण्याच्या वाटेने लावायची. उद्भव (नदी, धरण, जिथून पाणी उचलतो ते), जॅकवेल (तिथली पंप बसवलेली विहीर), रायझिंग मेन (पंपाने पाणी वर चढवणारी वाहिनी), जलशुद्धीकरण केंद्र, उंच टाकी, टाकीचा झोन (त्या टाकीवर चालणारा भाग), मुख्य वितरण वाहिनी, गल्लीतली लाईन, व्हॉल्व्ह. प्रभाग, रस्ता, कोणत्या निधीतून केलं हे सगळं बाजूच्या रकान्यात, बदललं तर रकाना बदला, कोड नाही. निधीचं मुद्दाम सांगतोय, कारण लेखा विभागाकडून यादी घेतली की ती नगरोत्थान, वित्त आयोग, अमृत अशीच लावलेली मिळते. त्यांचं बरोबरच आहे, त्यांना खर्च आणि घसारा बघायचाय. पण टाकी एका योजनेतली आणि तिच्यावरची लाईन दुसऱ्या योजनेतली असली की त्या यादीत दोघींचा एकमेकींशी संबंधच राहत नाही, आणि टाकी बंद ठेवली तर कुठल्या गल्ल्या कोरड्या पडतील हे सांगता येत नाही.

दुसरी माझी चिडायची जागा म्हणजे पंप. जागा आणि मशीन यांना एकच कोड. जॅकवेलवर "पंप क्र. 1" असं मोटरवरच पेंटने लिहिलेलं असतं. मोटर जळते, रिवाइंडिंगला जाते, तिथे स्टँडबायची बसते, जळलेली परत आली की दुसऱ्याच पंपहाऊसला जाते, जुनं नाव अंगावर घेऊन. मग वर्षाने विचारा ही मोटर किती वेळा रिवाइंड झाली, कोणी सांगू शकत नाही. जागेला एक कोड द्या, तो कायमचा. मशीनला तिच्या नेमप्लेटवरचा सिरियल नंबर, आणि कुठली मशीन कुठल्या तारखेपासून कुठल्या जागेवर, एवढीच एक वही. नेमप्लेटचा फोटो आधीच काढून ठेवा, कारण रंगकाम आलं की रंगारी तिच्यावरूनपण ब्रश फिरवतो.

बाकी किरकोळ. शहरातून जाणारा रस्ता पीडब्ल्यूडीचा असेल तर तो आपल्या मालमत्तेत धरू नका, खालची आपली लाईन मात्र धरा. "वितरण व्यवस्था, 1 नग" ही नोंद नाही, थट्टा आहे. एक्सेलमध्ये कोडचा रकाना टेक्स्ट करा नाहीतर 007 चं 7 होतं. बेअरिंगला आणि नटबोल्टला कोड देत बसू नका, जे स्वतंत्रपणे बदललं जातं आणि ज्याचा खर्च बजेटमध्ये दिसतो तिथे थांबा.

आणि ते "आधी सॉफ्टवेअर घेऊ, मग डेटा भरू" वाले, त्यांना हात जोडून नमस्कार. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण तेही नंतर. सुरुवातीला एकाच टाकीचं काम घ्या. सकाळी पाणी सोडायच्या वेळी व्हॉल्व्हमनबरोबर फिरा, तो किती आटे फिरवतो, कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय, सगळं कागदावर काढा. पाईप कधी टाकला हे मोजमाप पुस्तकात (कामाची मोजणी लिहायची वही) सापडलं नाही तर रकाना रिकामा सोडू नका, जुन्या माणसांना विचारून दशक लिहा आणि पुढे "अंदाजे" लिहा. खोदकामात पाईप उघडा पडला की तेव्हा नोंद दुरुस्त करता येते.