मंडळीचा सहभागिता मेळावा फसतो कुठे? सीमाभागातल्या आयोजकांनो, या चुका टाळा

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहभागितेचा मेळावा (एकत्र जमून एकमेकांना भेटण्याचा कार्यक्रम) ठरला की कमिटीची पहिली बैठक कार्यक्रम-पत्रिकेवरच संपते. सुरुवातीची प्रार्थना कुणाची, बायबलमधलं वचन कोण वाचणार, पाहुणे कोण, आभार कोण मानणार. जेवणाचं ‘बघू या’. खेळांचं ‘तरुण संघ बघेल’. मग त्या दिवशी माणसं ओळीने मांडलेल्या खुर्च्यांवर दोन तास बसतात, जेवतात आणि पांगतात. खानापूरहून आलेलं कुटुंब खानापूरच्याच लोकांशी बोलून परत जातं. कार्यक्रम ‘छान झाला’ म्हणायचं, पण कोण कुणाला नव्याने भेटलं असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या कर्नाटकातल्या सीमापट्ट्यातल्या मंडळ्यांना यापलीकडेही काही अडचणी आहेत. पुण्या-मुंबईच्या आयोजकाला त्या स्वप्नातही सुचणार नाहीत. म्हणून हा लेख मुद्दाम आपल्याकडच्यांसाठी.

दुसरी उपासना भरवू नका

सगळ्यांत मोठी चूक हीच. रविवारी सकाळी उपासना झालेली असते, आणि दुपारी मेळाव्याच्या नावाखाली पुन्हा तेच: स्टेज, माईक, लांबलचक संदेश. त्यात आपल्याकडे सत्काराचा रोग. पाहुण्यांचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार, मंडप घालणाऱ्याचा सत्कार, शेवटी सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार. शाल एकाला मिळते आणि पोटात कावळे ओरडतात शंभर जणांच्या.

माझा हिशोब साधा आहे. प्रार्थना, वचन, छोटा संदेश आणि सूचना मिळून माईकला अर्धा तास. सत्कार करायचाच असेल तर जेवणाच्या पंगतीत, नाव घेऊन, टाळ्या वाजवून. पाहुण्यांना बोलावतानाच सांगा, ‘पाळकसाहेब, दहा मिनिटं आहेत.’ आधी सांगितलं तर कुणी रागावत नाही. बोलायला उभं राहिल्यावर चिठ्ठी पाठवली की रागावतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

खुर्च्या ओळीने मांडू नका, आठ-दहाचे गोल करा. हॉल लहान असेल तर सतरंज्या घाला आणि गुडघे दुखणाऱ्या आज्जी-आजोबांसाठी प्रत्येक गोलात दोन खुर्च्या ठेवा. वयस्कांना वेगळ्या रांगेत बसवलं की ते समारंभाचे प्रेक्षक होतात.

उशिराचंही बघून ठेवायला हवं. अकराचा कार्यक्रम म्हणजे साडेअकराला पहिली रिक्षा दारात येणार, हे सगळ्यांना माहीत असतं. वेळेवर आलेल्यांना मात्र शिक्षा होते, रिकाम्या हॉलमध्ये पंख्याकडे बघत बसायचं. त्यांना आल्या आल्या काम द्या. कोथिंबीर निवडणं, फुगे फुगवणं, चहाचे कप मांडणं, काहीही. शेजारी बसून लसूण सोलताना अनोळखी माणसं जेवढी बोलतात, तेवढी ‘आता एकमेकांची ओळख करून घ्या’ असं माईकवरून सांगितल्यावर बोलत नाहीत.

तारीख ठरवताना एकच कॅलेंडर बघू नका

मंडळीचं कॅलेंडर बघून तारीख ठरते आणि गावाचं कॅलेंडर राहून जातं. 1 नोव्हेंबरचंच घ्या. सुट्टी आहे म्हणून तो दिवस सोयीचा वाटतो. पण बेळगावात त्या दिवशी एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिवस. रस्ते बंद, बंदोबस्त, निम्म्या बस आपल्या ठिकाणी पोचत नाहीत. शिवाय कॅथलिक कुटुंबांत 1 तारखेला सर्व संतांचा सण आणि 2 तारखेला मृतांचा दिवस, कबरस्तानात जायची गडबड. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा हुतात्मा दिन असतो. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री शहरातून वाट काढणं सोपं नाही.

डिसेंबरात आणखी एक गोम आहे. 2012 मध्ये सुवर्ण विधानसौध झाल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुतेक वर्षी बेळगावात भरतं, तेही साधारण नाताळाच्या तयारीच्या दिवसांत. लॉज भरलेले, मोर्चे, जागोजागी बॅरिकेड. बाहेरगावच्या पाहुण्यांना उतरवायचं असेल तर अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्यावरच दिवस पक्का करा.

चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडून मंडळी येणार असतील तर केवळ एसटीवर विसंबू नका. 2022 च्या डिसेंबरात आणि 2025 च्या फेब्रुवारीत सीमावादाच्या तणावात दोन्ही राज्यांच्या बससेवा थांबल्या होत्या. अशा वेळी कुणाची जीप, कुणाची व्हॅन मिळेल हे आधीच विचारून ठेवावं. दुसरं म्हणजे, 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसमध्ये फुकट प्रवास आहे, त्यामुळे खानापूर-निपाणीच्या बायका सहज येतात. महाराष्ट्रातल्या बहिणींना ती सवलत नाही. महिला मंडळाच्या कार्यक्रमात त्यांच्या भाड्याचा विचार कुणी करत नाही, आणि पुढच्या वेळी त्या येत नाहीत.

खेड्यातल्या मंडळींची सुगी, रोप लावणी, ऊसतोड हेही विचारा. मार्चमध्ये पीयूसी आणि एसएसएलसी, म्हणजे बारावी-दहावीची परीक्षा असते, त्यामुळे मुलं येणार नाहीत आणि त्यांच्या आयाही.

मराठी आपली आहे म्हणून सगळ्यांना वाचता येते असं नाही

1820 मध्ये लंडन मिशनचं काम बेळगावात सुरू झालं, पुढे 1904 मध्ये ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे आलं. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत 1953 चा. कॅम्पात फौजेबरोबर आलेली तमिळ घराणी, खानापूरकडचे कोकणी बोलणारे, कानडी खेड्यांतले विश्वासी, असे सगळे इथे दोन शतकं शेजारी शेजारी राहतायत. मराठी मंडळीतही निम्म्या सुना कानडी बोलणाऱ्या असतात. आणि घरात अस्सल बेळगावी मराठी बोलणारी नातवंडं कन्नड किंवा इंग्लिश मिडियमला जातात. त्यांना ‘आवाज मोठा करा की वो’ म्हणता येतं, पण देवनागरीतलं कडवं वाचताना ती अडखळतात.

म्हणून चिठ्ठ्यांवर वाक्यं लिहून वाचायला लावणारे खेळ ठेवू नका. चारचौघांत अडखळलेलं बारा वर्षांचं पोर पुन्हा मेळाव्याला येत नाही. चित्रं काढा, मुकाभिनय ठेवा. गाण्याचा कागद छापणार असाल तर एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला तेच मराठी शब्द कन्नड लिपीत द्या. खर्च तोच, झेरॉक्स पाठपोट.

वचन शोधण्याची शर्यत मराठी आणि कानडी बायबल एकत्र घेऊन लावू नका. पुस्तकांची नावं वेगळी, एक गट पानं उलटतच राहतो.

गाण्यांचं भांडण तर जुनंच आहे. ज्येष्ठांना ना. वा. टिळकांची भजनं हवीत, पेटी आणि टाळांसह. तरुणांना गिटार आणि कीबोर्ड. दोघांना अर्धा-अर्धा तास दिला की एक गट गातो, दुसरा मोबाइल बघतो. भजनाला गिटारची साथ घेऊन बघा, आणि टाळ तरुणांच्या हातात द्या. मध्ये एखादं कानडी गीतही घ्या, सगळ्यांना म्हणता येईल असं छोट्या ध्रुवपदाचं.

क्विझमधले दोन सुरुंग

दोन-तीन मंडळ्यांचा एकत्र कार्यक्रम असेल तर बायबल क्विझमध्ये हे दोन प्रश्न चुकूनही विचारू नका. पहिला, ‘बायबलमध्ये पुस्तकं किती?’ प्रोटेस्टंट मूल 66 म्हणणार, कॅथलिक मूल 73, आणि दोघंही बरोबर. दुसरा, ‘दहा आज्ञांतली सातवी कोणती?’ कॅथलिक क्रमाने ती ‘चोरी करू नको’, मेथडिस्ट क्रमाने ‘व्यभिचार करू नको’. परीक्षकाने एकाला चूक ठरवलं की मुलं गप्प बसतात, आणि त्यांचे वडील उठून उभे राहतात.

तंबोल्यात पैसे लावू नका. काही घरांत तो सरळ जुगार धरला जातो. आकड्यांऐवजी बायबलमधल्या व्यक्तींची नावं घालून तिकिटं करता येतात, आणि बक्षीस म्हणून कुंदा या मिठाईचा डबा. संगीतखुर्ची ठेवलीत तर बाद झालेल्यांना लगेच दुसरं काही द्या, नाहीतर दहा मिनिटांत सगळा हॉल प्रेक्षक होतो.

जेवण: आधी विचारा, मग चूल पेटवा

व्हॉट्सॲपवर ‘येणार’ म्हणणारे साठ आणि पानावर बसणारे नव्वद, हे ठरलेलंच. ग्रुपवरच्या अंगठ्यांवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक विभागातल्या एकाने घरोघर फोन करून माणसं मोजावीत, मुलं वेगळी. बिर्याणी असेल तर शंभर जणांना दहा ते बारा किलो तांदूळ लागतो. मुलं जास्त असतील तर दहात भागतं.

काय शिजवायचं यावरून मनं दुखावतात, आणि ती बोलून दाखवली जात नाहीत. कोकणी कॅथलिक घरात सणाला डुकराचं मटण लागतं, मराठी आणि कानडी घरांतल्या कित्येकांना ते चालत नाही. काही जण लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस मांसाहार सोडतात, आणि कॅथलिक निदान त्यातल्या शुक्रवारी तरी. वेगळी भांडी, वेगळे डाव, वेगळं टेबल, आणि काय आहे याची पाटी. दारूबद्दल आधीच स्पष्ट बोला. गोव्याच्या बाजूच्या घरांत वाइनचं कुणाला काही वाटत नाही, मेथडिस्ट घरात तो मोठा विषय होतो.

एक मात्र करून बघाच: नाताळाआधीची कुळकुळांची (नाताळच्या गोड तळलेल्या पदार्थाची) संध्याकाळ. मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, साखर घालून मळलेली कणीक मधे ठेवायची. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने चेपायची, मग गुंडाळत सोडायची, की शिंपल्यासारखी वळी होते. पहिल्या पाच-सहा बिघडतात, आणि तिथेच हसू सुरू होतं. ज्यांना कुळकुळं येतात त्या कोकणी मावशी शिकवतात. करंजीच्या कडेला मुरड घालणाऱ्या मराठी आज्जी त्यांना आपली हातोटी दाखवतात. पुरुषांना तळणीवर उभं करा, लहानांना साखरेत घोळवायला बसवा. माईक लागत नाही, पत्रिका लागत नाही. माझ्या मते हा सहभागितेचा सर्वांत चांगला कार्यक्रम आहे, आणि त्याला कुणी कार्यक्रम म्हणत नाही म्हणून तो ठेवला जात नाही.

सहल: पाऊस आणि पाणी

तरुण संघाला सहल म्हटलं की धबधबा आठवतो, तोही जुलैमध्ये. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय ते असं ठरवणार नाहीत. ओढे तासाभरात फुगतात, शेवाळलेल्या खडकावर चप्पल टिकत नाही. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात लांबूनच बघावा. भीमगड अभयारण्याच्या भागात वनखात्याची परवानगी लागते. राकसकोपचा जलाशय बेळगावच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, तिथे चुली पेटवण्याचा विचार मनातही आणू नका. ऑक्टोबरनंतर राजहंसगड चांगला, वर मोकळं आणि पाण्याची भीती नाही. कुठेही गेलात तरी पाण्याजवळ मुलं मोजायला दोन मोठी माणसं नेमून ठेवा, आणि त्या दोघांना स्वयंपाकाच्या कामातून सोडा.

ऐनवेळी बिघडलं तर

वीज गेली: स्पीकर नसेल तर कार्यक्रम होणार नाही असं वाटत असेल, तर तो आधीच बिघडलेला आहे. हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीच्या दुरुस्तीची वेळ पेपरात येते, आदल्या दिवशी बघून ठेवा.

पाहुणे आलेच नाहीत: वाट बघत थांबू नका. मंडळीतल्या कुणा ज्येष्ठाला साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, सांगा, पाच मिनिटं.

शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली: रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी आहे, 2000 सालच्या नियमानुसार. कॅरल फेरीतही हे लागू होतं. घरातल्या कार्यक्रमाआधी शेजारच्या दारात जाऊन ‘आज आमच्याकडे थोडी माणसं येणार आहेत, तुम्हीही चहाला या’ असं सांगितलं तर तक्रार सहसा येत नाही. मैदान किंवा रस्त्यालगतची जागा असेल तर पोलीस ठाण्यात आधीच अर्ज द्या, त्याची प्रत खिशात ठेवा. बॅनर रस्त्यावर लावणार असाल तर त्यावर कानडीही घाला. इथे बॅनरच्या भाषेवरून वातावरण तापायला फार काही लागत नाही.

जेवण कमी पडलं: कमिटीने शेवटी बसायचं. हे आधीच ठरलेलं असावं.

पैसे

माणशी वर्गणी लावली की पाच जणांचं कुटुंब घरी बसतं आणि कारण सांगतं ‘बरं नव्हतं’. कुटुंबामागे ठेवा, आणि पाकिटावर नाव लिहिण्याची सक्ती नको. ज्याला जमत नाही त्याचं पाकीट रिकामं आलं तरी कुणाला कळता कामा नये.

सुगीच्या सणाचा, म्हणजे चर्चमध्ये अर्पण आलेल्या मालाचा, लिलाव हा आपल्याकडचा आवडता खेळ. एका भोपळ्यासाठी दोन मेव्हणे हट्टाला पेटतात आणि भोपळा बाजारभावाच्या वीसपट जातो. मजा येते, पण मग उधारी राहते. बोली बोलताना कुणी कागद घेऊन बसलेलं नसतं. कोणता माल, कुणी घेतला, किती बोलला, रोख की उधार, हे चार रकाने एकाने लिहायलाच हवेत. उधार राहिलेल्यांची यादी चर्चच्या बोर्डावर लावू नका. खजिनदाराने दोन आठवड्यांनी घरी जाऊन, चहा घेऊन, हळूच आठवण करावी. आणि एकूण जमा-खर्च पुढच्या रविवारी घोषणांमध्ये वाचून दाखवावा, पावत्यांची फाईल मागच्या बाकावर ठेवावी, ज्याला बघायची तो बघेल.